तीन छपरांचं मखर

गणपतीला यंदा नेपाळी देऊळ करायचं, हे मुग्धाने भक्तपूरलाच ठरवून टाकलं होतं. एप्रिलच्या सुट्टीत त्यांनी तिथे खूप देवळं पाहिली. म्हणजे निनादने पाहिली. मुग्धाने सुयश पाहिला. पाच वर्षांचं पोर, जिकडेतिकडे उंच पायऱ्या, कडेला कठडा नाही, त्यात गर्दी. तिने त्याचा हात सोडला तो फक्त फोटो काढण्यापुरता, आणि फोटोतही त्याला चौकटीबाहेर जाऊ दिलं नाही.

त्यामुळे अबुधाबीत, खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये बसून ते फोटो मोठे करून बघितले, तेव्हा तिच्याकडे नेपाळी देवळांचा वरचा अर्धा भाग उत्तम जमा झाला होता. एकावर एक, वर जाताना लहान होत गेलेली तीन छपरं, छपरांच्या कडांना लोंबणाऱ्या घंटा, टोकाला सोनेरी कळस आणि छपरं पेलणारे तिरके कोरीव टेकू. या टेकूंना तिकडे टुंडाल म्हणतात. खालच्या अर्ध्या भागात मात्र सगळीकडे सुयश.

"आणि दार?" निनादने विचारलं.

"दार सुयशच्या मागे आहे. पूर्ण झाकलंय. म्हणजे सुयशपेक्षा लहानच असणार ना!" मुग्धा संख्याशास्त्रात एम.एस्सी. होती. "शिवाय तिकडे दारं बुटकीच असतात. वाकून आत जायचं."

"अगं, कॅमेऱ्याजवळ उभा केलास तर सुयश अख्खा अबुधाबी एअरपोर्ट झाकेल."

"तुझ्याकडे आहे का दाराचा फोटो?"

निनादकडे मोमोंचे होते.

मग मुग्धाने मनावरच घेतलं. फोम बोर्डच्या भिंतींवर एकेक वीट रंगवली, जाळीच्या खिडक्या कातरल्या. टुंडालांवरची नक्षी झूम करून पाहिल्यावर, देवतांच्या पायाशी जोडप्यांचं काय चाललंय ते तिला कळलं, आणि तिथे तिने आपल्या मनाने वेलबुट्टी काढली. सुयशने ओढलं तरी काही निघू नये म्हणून सगळं ग्लू गनने घट्ट चिकटवलं. सुयशला सोफ्याच्या अलीकडे यायची बंदी होती. तो सोफ्यावर हनुवटी टेकून दिवसचे दिवस बघत राहिला.

चतुर्थीच्या सकाळी शेजारची सुरैय्या जास्वंदीची फुलं घेऊन आली. माहेर रत्नागिरीचं असल्यामुळे मखरांवर तिची मतं ठाम असायची. टॅबवर पुण्याहून गुरुजी हजर होते. पुढची पूजा मस्कतची, म्हणून जरा घाईत. निनादने शाडूची मूर्ती उचलली, वाकला, दारापाशी नेली आणि तसाच थांबला.

"काय झालं?" मुग्धाने विचारलं.

"मूर्ती जातेय गं. मूर्ती धरलेले हात जात नाहीयेत."

मुग्धाने करून पाहिलं. रिकामा हात खुशाल आत जात होता, पण मूर्तीच्या दोन बाजूंना दोन हात आले की कोपरं अडायची. आतलं आसन उंचावर, त्यामुळे मूर्ती नुसती सरकवताही येत नव्हती.

"व्हिसा नाही लागला वाटतं बाप्पाचा," सुरैय्या म्हणाली.

"सुरैय्या, प्लीज!"

"बरं बाई, खलास. गप्प बसते."

निनाद कटर घेऊन आला. मुग्धा आडवी आली. दाराच्या दोन्ही अंगांच्या टुंडालांवरच पहिलं छप्पर उभं होतं, पहिल्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. एक टेकू कापला की सगळं भक्तपूर बाप्पाच्या डोक्यावर.

"यजमान," टॅबमधून आवाज आला, "देव आसनावर आले का?"

"येतायत गुरुजी! वाटेत आहेत!" निनाद ओरडला.

"ममा, माय हॅंड्स आर स्मॉल." सोफ्यामागून सुयश म्हणाला.

मुग्धाने त्याच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी कालच दुधाचा कप सांडला होता. मूर्ती फुटली तर दुबईहून दुसरी आणता आली असती. पण 'माझ्या हातून बाप्पा फुटला' हे या पोराच्या मनातून कोण काढणार होतं?

"शिंक आली तर?" ती म्हणाली.

"तर शिंकेल," निनाद म्हणाला.

"अगो, दे त्याला," सुरैय्या म्हणाली. "तू अशी बघतेयस की त्या मूर्तीलाच घाम फुटेल."

मुग्धाने सुयशचे हात धुतले. पुसले. पुन्हा पुसले. मग मूर्ती त्याच्या हातात दिली आणि खाली स्वतःचे दोन्ही तळवे पसरून त्याच्याबरोबर गुडघ्यांवर सरकत निघाली.

"ममा, यू आर ब्रीदिंग टू लाउड."

तिने श्वास धरला. दारापाशी तिला थांबावंच लागलं. तिचे हात पुढे जात नव्हते. सुयशने मान खाली घातली, मूर्ती छातीपासून लांब केली आणि खांद्यापर्यंत आत गेला. त्या बुटक्या दारातून मुग्धाला फक्त त्याच्या शर्टाची पाठ दिसत होती. लहानसा 'टक' आवाज झाला.

सुयश मागे सरकला. हात रिकामे. "डन."

बाप्पा आत बसले होते. सगळे अवयव शाबूत, सोंड जागेवर. फक्त जरासे तिरके, तोंड स्वयंपाकघराकडे.

"मोदकांवर लक्ष आहे," सुरैय्या म्हणाली.

"सुयश, जरा डावीकडे..." मुग्धाने तोंड उघडलं. सुयशचे कान लालबुंद झाले होते, आणि तो आपल्या तळव्यांकडे असा बघत होता, जणू ते त्याला आजच मिळालेत.

"गुरुजी विचारतायत, सुरू करू का," निनाद म्हणाला. "एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की मग हलवता येणार नाही. सरळ करायचा तर आत्ताच सांग."

"असू दे," मुग्धा म्हणाली. "करा सुरू."

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या सुमेधाताई दर्शनाला आल्या. देखाव्यांच्या स्पर्धेत दरवर्षी मार्क त्याच देत. त्यांनी छपरं पाहिली, घंटा पाहिल्या, टुंडालांवरच्या वेलबुट्टीचं कौतुक केलं, मग कंबरेवर हात ठेवून वाकल्या आणि आत बराच वेळ बघत राहिल्या.

"मुग्धा, तिकडच्या देवळांत मूर्ती अशी तिरपी बसवतात का गं?"

सुयश सोफ्यापलीकडे नव्हता; मखराला अगदी खेटून उभा होता, हात दाराशेजारच्या टुंडालावरच.

"नाही हो सुमेधाताई," मुग्धा म्हणाली. "आमच्याकडे सुयशने बसवलाय."