वखर वळायला जागा

या माय, या बाप्पा, टाळ जरा खाली ठेवा अन् जवळ सरका. भजनाला बसण्याआधी एक गोष्ट सांगतो, आपल्याच तांड्यातली.

निर्मलाबाईच्या डोक्यात सकाळपासून जाळ पेटला होता. दोन पोरी झाल्यावर सून शितल आपरेशन करून घ्यायचं म्हणत होती. पोरगा दिपक राजी होता. अडून बसला होता निर्मलाबाईचा नवरा, उत्तमसिंग. "नातू झाल्याबिगर न्हाई. जमीन कोन सांभाळंल?"

जमीन! आज्याच्या काळी नजर पुरत नव्हती. मग त्याची लेकं, मग लेकांची लेकं. दर वाटणीला नवा धुरा, म्हणजे बांध, पडला अन् दर धुऱ्यानं हातभर माती गिळली. आता उत्तमसिंगचं शेत म्हणजे लुगड्याच्या काठासारखी नुसती पट्टी.

"चला," निर्मलाबाई म्हणाली. "सोयाबीन निघालंय, हरभऱ्यासाठी वखर धरा. मी बी पाहते वारसाची जमीन."

पट्टीच्या टोकाला उत्तमसिंगनं बैल वळवले. वळतात कुठं? डावा बैल सरळ शेजारी, धाकट्या भावाच्या, किसनसिंगच्या हळदीत घुसला.

"ए दादा! डोळे फुटले काय? हळद तुडवून राहिला!"

"तुझ्या हळदीनंच माझी वाट खाल्ली!" उत्तमसिंगनं बैलावर चाबूक उगारला. निर्मलाबाईनं तो वरच्यावर हिसकला.

"मुक्या जनावराला काहून मारता? त्याला वळायला जागा ठेवली काय तुमी? या दोघी नातींच्याच वाट्याला नुसता धुरा येऊन राहिला, अन् तुमाला तिसरं पाहिजे! बाया बाळंत व्हतात, जमीन कदी बाळंत झाली काय? देवानं पृथ्वी एकदाच केली. माणसं वाढली म्हणून तो दुसरी धाडनार न्हाई!"

किसनसिंग फिदीफिदी हसला.

"दात काय काढता भाऊजी? तुमची पोरं हीच हळद वाटून घेनार हायेत."

किसनसिंग तुडवलेली हळद सरळ करायला वाकला.

"लोकं काय म्हनतील?" उत्तमसिंग पुटपुटला.

"लोकं येऊन बैल वळवतील काय?"

चाबूक मातीत फेकून ती तडक घरी गेली. शितलचा हात धरून गोरेगावच्या दवाखान्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसली. उत्तमसिंग धापा टाकत जीपपुढं आडवा झाला. "उतर! न्हाईतर घरात घेनार न्हाई."

"नका घेऊ. डायवर, चालव रे!"

जीप गुरगुरली. उत्तमसिंग बाजूला झाला.

आपरेशन करून सासू-सून परतल्या, तेव्हा दाराला आतून कडी होती. ती दिपकनं काढली. उत्तमसिंग बाजेवर पाठ करून पडला होता. तो आजही निर्मलाबाईशी धड बोलत नाही.

माय-बाप हो, आता टाळ उचला. पण देवापुढं हात जोडाल तेव्हा आमच्या निर्मलाबाईची आठवण तेवढी ठेवा.