हँडल चार वीत

थोरलीला लहानपणी जी अंगाई ऐकवली गेली, तिच्यात चांदोबा नव्हता की चिऊकाऊ नव्हते. बाबा तिच्या पाठीवर थोपटत एकच ओळ घोळवायचे, "हँडल चार वीत, टाकी तीन, पाय दोन, पोट एक." थोपटणं मंद होत जायचं, आवाज खाली यायचा आणि पोटापर्यंत पोचेस्तोवर बहुतेक वेळा बाबाच झोपलेले असायचे. बरीच वर्षं तिला वाटायचं की यात काहीतरी शहाणपणाची गोष्ट दडलेली आहे. पाय दोन आणि पोट एक हे तर दिसतंच होतं. हँडल कुठे असतं, ते मोठं झाल्यावर कळेल!

मोठं झाल्यावर कळलं ते इतकंच, की ही बाबांच्या शर्यतीच्या मोटरसायकलच्या सांगाड्याची मापं होती. सीटपासून हँडल चार वीत, टाकीची लांबी तीन वीत, सीटपासून पाय टेकवायचा दांडा दोन वीत, आणि इंजिनाचं पोट जमिनीपासून एक वीत उंच. थोरली जन्माला यायच्या आधी बाबांनी तो सांगाडा घरातच, मागच्या खोलीत, स्वतःच्या अंगाच्या मापाने बनवला होता. काही मोसम ती गाडी धावली, दोनदा जिंकली, आणि एका वळणावर बाबांच्या खांद्याचं हाड आणि गाडीची मान दोन्ही एकदमच मोडली. हाड जुळलं. सांगाडा भंगारात गेला. इंजिन, टाकी आणि चाकं तेवढी जिन्याखाली गोणपाटात राहिली. आई दर साफसफाईला ते गोणपाट झटकून पुन्हा तसंच पांघरून ठेवायची, झोपलेल्या पोराच्या अंगावर घालावं तसं.

आता आई नव्हती. ती गेली आणि बाबांच्या आठवणींना गळती लागली. चष्मा डब्यात ठेवायचे, चहा पिऊन झाल्यावर "आज चहा नाही का?" विचारायचे. थोरलीने कपाळाला हात लावला की ते चटकन सावरून घ्यायचे. "अगं, गंमत केली." गंमत नव्हती हे दोघांनाही माहीत असायचं. ती पन्नाशीला आली होती, बायकांचे कपडे शिवून घर चालवत होती, आणि कुणाचं माप कुठे बदललं हे तिला टेप लावायच्या आधी कळायचं. बाबांचंही कळत होतं.

अशात एक दिवस ठिणगीकाका आले. हे बाबांचे जुने जोडीदार, वेल्डिंगवाले. स्वभावाने की धंद्याने ते नाव पडलं, यावर दोन मतं होती. येता येताच म्हणाले, "ऐकलंस का रे म्हाताऱ्या? आपला जुना ट्रॅक उखडतायत. त्याआधी सगळ्या जुन्या गाड्यांना एक शेवटची फेरी मारू देणार आहेत. बघायला येतोस?"

"बघायला कशाला? गाडी घेऊन येतो," बाबा म्हणाले.

"गाडी? तुझ्याकडे इंजिन आहे. इंजिन मांडीवर घेऊन येणारेस?"

"सांगाडा बनवू. मापं आहेत की माझ्याजवळ." आणि कपाळावर बोट ठेवून बाबांनी न अडखळता म्हटलं, "हँडल चार वीत, टाकी तीन, पाय दोन, पोट एक. सगळं विसरेन, हे नाही विसरणार."

थोरलीने काकांकडे बघितलं, काकांनी छताकडे बघितलं. पण कितीतरी दिवसांत बाबांचा आवाज असा ठाम लागला नव्हता. तिने शिवणाची कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "मागची खोली रिकामी करते."

तिच्या नवऱ्याची पुस्तकं त्या खोलीत होती. पुस्तकं बाहेरच्या खोलीत आली, नवरा त्यांच्या मागे गेला. "लोकांच्या घरी पाहुणे येतात, आपल्या घरी पाइप येतात," एवढंच तो त्या ढिगाऱ्यामागून म्हणाला.

पहिलं काम मापाचं. थोरलीने बाबांचा हात टेबलावर पसरायला लावला आणि अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत टेप धरली. हात थरथरत होता, पण पंजा अजून भला थोरला होता. वितीचे इंच झाले, इंचांची आकडेमोड झाली आणि जाड लोखंडी पत्र्यावर खडूने गाडीची बाजू काढली गेली. तिच्यावर काकांनी लोखंडी कोन उभे करून साचा बांधला. मान, म्हणजे हँडल बसतं तो पाइप, कुठल्या कोनात झुकणार, मागचं चाक कुठे बसणार, सगळं त्यात आवळून धरलं.

मग पाइप. सरळ पाइप वाकवायचा तर तो चपटा होतो, म्हणून आत वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकं बंद करायची, आणि लाल होईस्तो तापवून लाकडी ठोकळ्यावर हळूहळू वळवायचा. काका वळवायचे, बाबा खुर्चीवरून हुकूम सोडायचे. "दमानं! हाड आहे ते, शेवगा नाही!"

एक पाइप दुसऱ्याला जिथे भिडतो तिथे त्याच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच लागते, नाहीतर जोड पोकळ राहतो. काका ती अंदाजाने कापत. पहिल्या दोन खाचा वाया गेल्यावर थोरलीने कपड्यासाठी कापतात तसा कागदाचा बेत कापला, पाइपला बाहीसारखा गुंडाळला आणि कडेकडेने खडू फिरवला. "बाहीचा गोल आणि हे एकच," ती म्हणाली. खाच चपखल बसली.

"मशीनवर पाइप शिवून देतेस का आता?" काका कुरकुरले, पण पुढचे सगळे बेत त्यांनी तिच्याकडूनच कापून घेतले.

खरं भांडण झालं ते जोडांवरून. काकांना एकदाच, कायमचं वेल्डिंग करायचं होतं. थोरली म्हणाली, "आधी कच्चे टाके."

"कच्चे कशाला? दिवस कमी आहेत."

"काका, मी कुणाचाही कपडा कच्चे टाके घालून अंगावर चढवल्याशिवाय पक्का शिवत नाही. तुमच्या धंद्यातही टाकाच म्हणतात ना? मग तो आधी कच्चाच घालायचा."

"हिची आई अशीच होती," काका बाबांना म्हणाले, आणि चिमूटभर चिमूटभर टाके घालत गेले. खोलीत जळक्या लोखंडाचा तो वास भरला. बाबा डोळे मिटून तो ओढून घेत होते, जसं कुणी स्वयंपाकघरातून येणारा वास ओळखावा.

सांगाडा उभा राहिला तेव्हा थोरलीला पहिली शंका आली. इंजिन त्यात बसलं, पण मोठ्या भावाचा सदरा धाकट्याने घातल्यासारखं. चारी बाजूंनी हवा. टाकी ठेवली तर टाकी आणि सीट यांच्यामध्ये एक मांजर निवांत झोपू शकेल एवढी फट.

"गादी वाढवू," काका म्हणाले. "शर्यतीच्या गाड्या लांबच असतात."

बाबा खुर्चीवरून उठले. त्यांना दोघांनी धरून सीटवर बसवलं. त्यांनी पुढे वाकून हँडल धरलं. म्हणजे धरायला गेले. हात पूर्ण ताणले तेव्हा कुठे बोटं पोचली. पायाचा दांडा शोधत त्यांचा पाय हवेत लोंबकळला. ते तसेच बसले, घोडागाडीत चढवलेल्या लहान मुलासारखे.

"म्हातारपणी माणूस आखडतो रे," काका समजुतीच्या सुरात म्हणाले.

"एवढा?" बाबांनी विचारलं. मग टाकीकडे बघत म्हणाले, "कोपरं गुडघ्यांच्या आत यायची माझी. ही माझी गाडी नाही. मापंच चुकली असतील. मलाच नीट आठवत नसेल." आणि खाली उतरून, भिंतीला धरून, आत निघून गेले.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा चहा झाला का असंही विचारलं नाही. तेच थोरलीला जास्त लागलं. एवढ्या एका ओळीवर तो माणूस उभा होता, आणि तिने घरात लोखंड आणून ती ओळच खोटी पाडली होती.

ती सांगाड्यापाशी जाऊन बसली. राग आला की ती उसवायला घेते, पण हे उसवायचं कुठून? तिने टेप काढली आणि सवयीने विचार करू लागली. एखादीचा ब्लाउज खांद्यात सैल आणि कमरेत घट्ट झाला तर अंग बदललेलं असतं. पण हा सांगाडा हँडलाला सैल, पायाला सैल, पोटाला सैल. सगळीकडे सारखाच, वितीमागे जवळजवळ इंच. सगळीकडे सारखं सैल झालं तर अंग चुकलेलं नसतं, आकडाही चुकलेला नसतो. चुकलेली असते टेप.

ती ताडकन उठली आणि बाबांच्या खोलीत गेली.

"बाबा, तेव्हा पाइप धरला कुणी होता?"

"कुठला पाइप?"

"पहिल्या सांगाड्याचा. मोजताना. धरला कुणी होता?"

"मी. दोन्ही हातांनी. साचाबिचा कुठे होता तेव्हा? मीच साचा! मान मी धरायची, पाइप मी धरायचा. हा ठिणग्या तर तेव्हा दुसऱ्याच गावात कामाला होता."

"दोन्ही हात गुंतलेले होते, तर वीत कुणी घातली?"

बाबांनी आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लांबून चालत आलं.

"ती," ते म्हणाले. "तीच. खडू तिच्या हातात होता. नवं लग्न झालेलं, माझ्याशी धड बोलायचीही नाही, पण पाइपवर विती टाकत मोठ्याने मोजायची. हँडल चार वीत, टाकी तीन... हे तिचं आहे गं. मी नुसतं म्हणत राहिलो."

थोरलीने त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खोलीत आणलं. टाकी तिथेच होती, तीच जुनी टाकी, आईने वर्षानुवर्षं पांघरूण घातलेली. ओळीत टाकीचंही माप होतं, पण ती डोळ्यांसमोर असताना तिला मोजायचं कुणालाच सुचलं नव्हतं. असलेल्या गोष्टीला कोण मोजतं?

"टाका तुमची वीत," थोरली म्हणाली.

बाबांनी टाकली. तिसरी वीत टाकीबाहेर लोंबली.

मग तिने आपला हात ठेवला. एक. दोन. तीन. तिची करंगळी टाकीच्या काठावर येऊन टेकली, जशी काही ती कड तिच्यासाठीच कापली होती. बाबा त्या हाताकडे बघत राहिले. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं, किंचित बाहेर वळलेला अंगठा.

"तिचाच आहे," ते म्हणाले. "रोज चहा देतेस, पण मी कधी बघितलाच नाही."

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावून सगळे कच्चे टाके तोडायला लावले; आता तेच पाइप टोकांना कापून आखूड केले की भागणार होतं. पक्के असते तर सगळे पाइप नव्याने वाकवावे लागले असते, आणि तेवढे दिवस कुणाकडेच नव्हते. काका हे उघड बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "माझ्या नशिबी तुम्हा मायलेकींचंच ऐकणं लिहिलंय."

पुन्हा मोजायची वेळ आली तेव्हा बाबा खुर्चीवर बसायला तयार होईनात. "पाइप मी धरणार." साचा आहे, गरज नाही, हे सांगून उपयोग नव्हता. ते पाय फाकवून उभे राहिले, दोन्ही हातांनी पाइप छातीशी धरला. थोरली खडू घेऊन वाकली आणि मानेपासून मागे विती टाकत निघाली. म्हातारे हात, पाइप हलत होता. खडूची खूण सटकली, तशी ती कामाच्या तंद्रीत म्हणाली, "हलू नका हो!"

पाइप थांबला. साफ थांबला. तिने वर बघितलं. बाबा भिंतीकडे बघत होते, ओठ घट्ट मिटून, आणि त्यांचे हात दगडासारखे स्थिर झाले होते.

"असंच म्हणायची," ते म्हणाले. "मोज तू. मी नाही हलत."

या खेपेला, काकांनी खोलून साफ केलेलं इंजिन सांगाड्यात बसताना नुसतं 'टक' असं वाजलं. टाकी आणि सीटमध्ये मांजर सोडा, खडूसुद्धा शिरेना. बाबांना बसवलं. ते पुढे झुकले, पोट टाकीला टेकलं, कोपरं आपोआप गुडघ्यांच्या आत गेली, आणि ते तसेच पडून राहिले, गाल टाकीवर ठेवून.

"ठीक आहे ना? पक्के घालू टाके?" काकांनी विचारलं.

"थांब जरा."

काकांनी तोंडावरची काच वर केली आणि थांबले. ठिणगीकाका कुणासाठी थांबलेले थोरलीने तोवर कधी बघितले नव्हते.

ट्रॅकवर त्या दिवशी ऊन होतं. कडेच्या गवतावर जुन्या गाड्या आणि त्यांच्याहून जुने त्यांचे मालक. माइक घेतलेला एक तरुण गाडीगाडीशी थांबत आला आणि बाबांना म्हणाला, "आजोबा, सांगाडा नवा दिसतोय. कुणी बनवला?"

बाबांनी टाकीवरून हात फिरवला. थोरली एक पाऊल पुढे सरकली. विसरले तर?

"मापं बायकोची," बाबा माइकात म्हणाले. "टाके मुलीचे."

"आणि मी काय माशा मारत होतो?" मागून काका ओरडले. तेही माइकात गेलं, आणि गवतावरचे सगळे म्हातारे हसले.

मग इंजिन पेटलं. इतकी वर्षं जिन्याखाली गप्प बसलेलं ते असं काही बोलायला लागलं की थोरलीने कान झाकले आणि लगेच उघडले. बाबा एकच फेरी मारणार होते, सावकाश, तसं कबूल केलं होतं. पहिल्या वळणापर्यंत ते सावकाश गेलेही. पुढे ते टाकीवर पसरले, कोपरं आत घेतली आणि दिसेनासे झाले. नुसता आवाज मैदानाला वळसा घालत राहिला.

"बघ, बघ, ऐकतोय का कुणाचं!" काका म्हणाले.

"ऐकत नाहीत," थोरली म्हणाली. तिचा हात कठड्याच्या लोखंडी नळीवर कधीपासून विती टाकत होता, तिला माहीत नव्हतं.