नोंद आढळली नाही

पुढच्या सीटखालचा कापलेला गालिचा दुमडल्यावर दिसणारी पत्र्याची पट्टी तिने ओल्या फडक्याने पुसली. तिच्यावर गाडीचा चासी क्रमांक: अक्षरं, आकडे, मध्ये आडवी रेघ, पुन्हा आकडे. तिने मोजले, मग बोट ठेवून पुन्हा मोजले, प्रयोगशाळेत काचेच्या बशीतले जंतूंचे ठिपके मोजते तसे. तेरा. सरकारी संकेतस्थळाला सतरा लागतात.

"दोन वर्षांपूर्वी, घेतानाच तपासली होती मी," ती म्हणाली. "एअरबॅगसाठी परत मागवलेल्या गाड्यांच्या यादीत ही नव्हती."

ब्रेक बघायला आलेला मेकॅनिक चाकाशी उकिडवा बसला होता. "नसणारच, ताई. ती यादी इथे विकलेल्या गाड्यांची. ही परदेशात वापरून आलेली. मतदारयादीत नाव नाही म्हणून माणूस जन्मलाच नाही, असं असतं का?" आपल्याच विनोदावर तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "नंबर पाठवलाय एका आयातवाल्याला. तिकडची यादी बघून उद्या सांगेल. सदोष असली तर धडकेत पिशवी फुगताना आतला डबाच फुटतो. तुकडे थेट तोंडावर."

तेव्हा संकेतस्थळावरची सतरा घरं भरेनात म्हणून तिने क्रमांकापुढे चार शून्यं लावली होती — नमुन्यांचे क्रमांक नोंदवहीत लिहिताना लावायची सवय... पडद्यावर आलं, नोंद आढळली नाही, आणि तिने लगेच मुलीला फोन केला: बघितलंय मी, बिनधास्त चालव. पाण्याच्या अहवालांवर आयुष्यभर 'आढळले नाही' लिहिणारी बाई. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना बजावणारी, की अगं, आपल्याला सापडलं नाही एवढंच आपण सांगतो, नाहीच असं नाही सांगत... नवऱ्याच्या तपासणीचा पहिला अहवालही तिनेच वाचून दाखवला होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पुन्हा तपासणी आवश्यक. ते तिने वाचलं, मनात. आणि मोठ्याने म्हणाली, काही नाही हो. तो त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला. आठ महिने — त्यानंतर आठच महिने जगला...

"आई, किल्ली दे ना. उशीर होतोय." मुलगी पायरीवर उभी होती, पर्स खांद्याला.

"आज गाडी नको नेऊस."

"का? एअरबॅगचं तूच बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं. पण मला कळलं नव्हतं."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, एखादा जुना हिशेब नव्याने मांडावा तसं.

"आणि बाबांच्या वेळी? तो अहवालही तूच वाचला होतास."

तिने फडकं पिळलं. पाणी कधीच निथळून गेलं होतं.

मुलगी चालतच निघाली. निदान आज ती त्या चाकामागे बसणार नाही, एवढं तरी साधलं. पण हायसं काही वाटेना. या घरात तिचा शब्द अखेरचा असायचा. आता मुलगी तो प्रत्येक वेळी पडताळून पाहील... पाहावाच, असं तिला मनापासून वाटलं. आणि असं वाटताच, भर सकाळी, अंगणात माणूस असताना, तिला फार एकटं वाटलं.