सरांनी सांगितलं तर ऐकेल

मोताळ्यात प्रसेनजित सरांइतका गोड बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्या माणसाचं तेच तर दुखणं होतं.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या चक्कीवर, माडीवरच्या एका खोलीत त्यांचा गाण्याचा क्लास. खाली चक्की सुरू झाली की वर कोणाला कोणाचा सूर ऐकू येत नसे, मग सर पोरांना वहीत राग लिहायला सांगत. बावीस पोरं. आजूबाजूला पेटी आणि गाणं शिकवणारे हे एकटेच, त्यामुळं ज्याच्या पोरानं शाळेच्या गॅदरिंगमध्ये दोन ओळी धड म्हटल्या, तो बाप पोराला धरून इथं आणून बसवी. आणि महिन्याभरानं जिना चढून विचारायला येई, "कसं काय सर, आमचं पोट्टं?"

आता खरं बोलायचं तर बाविसांतल्या एकवीस पोट्ट्यांना सूर आणि चक्कीची घरघर यातला फरक कळत नव्हता. पण बापाच्या तोंडावर असं म्हणायचं कसं? सरांनी त्यासाठी एक भाषाच तयार करून ठेवली होती. सुराचा पत्ता नसलेलं पोरगं 'मेहनती' असे. जे मेहनतही करत नसे ते 'हुशार, फक्त लक्ष दिलं पाहिजे'. आणि ज्याला सूर आणि ताल दोघांचंही वावडं, त्याचा 'आवाज मोकळा आहे'. बाप खूश, आई खूश, पोरगंही खूश. सरांचं काय जात होतं?

या गोड बोलण्यालाही कारण होतं. सरांचे वडील गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. बोटं फुटेस्तोवर वाजवली, पण लोकांनी त्यांना जन्मभर 'अबे ढोलक्या' अशीच हाक मारली. आणि आता त्याच लोकांच्या सुना-लेकी चपला खाली काढून माडी चढत होत्या आणि हात जोडून 'नमस्कार सर' म्हणत होत्या. हा 'सर' कानावर पडला की प्रसेनजितचा जीव सुपाएवढा व्हायचा. आणि ज्यानं सर म्हटलं त्याला नाही म्हणायची त्यांची जीभच उचलत नसे.

बाविसावी होती पायल. मलकापूर रस्त्यावर ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे त्या हिंमतरावांची एकुलती एक पोरगी. तेरा वर्षांची असताना आली. पहिल्याच आठवड्यात सर यमन सांगत होते. त्यातला तीव्र मध्यम म्हणजे भल्याभल्यांचा पाय घसरायची जागा. या पोरीनं तो असा अलगद आणि नेमका लावला की सरांची बोटं पेटीवर थांबली आणि तोंडून निघून गेलं, "वा!"

हे 'वा' त्यांच्या त्या भाषेतलं नव्हतं. ते आतून आलं होतं. पुढं तीन वर्षं ते रोज एकदा तरी यायचं, आणि ते आलं की पायल मान खाली घालून गालात हसायची. तिला बाकी कोणाच्या कौतुकाचं काही पडलेलं नव्हतं. सर मनात म्हणत, बापा, तू वाजवलेली ढोलकी कुठंतरी पोचली बरं. एवढा त्यांचा त्या पोरीवर जीव होता.

पायलची दहावी झाली, निकाल लागला, आणि चार दिवसांनी तिची आई पुष्पांजली भर दुपारी क्लासात आली. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. सतरंजीच्या काठावर, अर्धी जमिनीवर, अशी बसली.

"सर, रागावणार नसान तं एक बोलू का?"

"बोला ना ताई. आपलंच घर आहे." पालकांशी सर नेहमी असं पुस्तकातलं बोलत.

"पोरीले ब्याऐंशी टक्के पडले. तिच्या पप्पायनं अकोल्याले अकरावीची, डॉक्टरकीच्या क्लासची, होस्टेलची सगळी सोय लावली. अन् ही म्हणते, मी गाणंच शिकीन, नागपूरले जाईन. दोन दिवस झाले, जेवली नाही. तिच्यापायी बापबी जेवला नाही. दोघं एकमेकाच्या तोंडाकडं पाहत नाहीत. मी मधातल्या मधात मरून राह्यली सर."

"मी हिंमतरावांशी बोलू का? तिचा आवाज खरोखर—"

"त्यायले सांगून उपेग नाही. पण ती तुमचं ऐकते. सरांनी सांगितलं तर ऐकेल." पुष्पांजलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही तिले फकत एवढं सांगजा का, बाई, तुया गळ्यात पुढं जायाइतका दम नाही."

सरांनी लाडवांचा डबा बाजूला सरकवला.

"ताई, पण ते खरं नाही."

"मले काय माहीत नाही का सर?" तिचे डोळे भरून आले. "रोज सकाळी ऐकते न मी. कणिक मळता मळता हात थांबते माहा. पण बापानं मोडलं तं पोरगी जनमभर बापाले दोष देईन. तुम्ही सांगितलं तं म्हणंन, देवानंच गळा दिला नाही. देवावर माणूस किती दिवस रुसते? माह्या संसाराची घडी वाचवा सर, तुमच्या पाया पडते."

आणि खरंच ती वाकली. हिंमतरावांची बायको, ढोलक्याच्या पोराच्या पायाशी! सरांनी घाईघाईनं पाय मागं घेतले, कानशिलं तापली. अरे भल्या माणसा, हीच तर वेळ होती! म्हणायचं होतंस, ताई, मागाल ते करतो पण हे होणार नाही. आईच्या पोटातली भीती खरी होती, मान्य. पण पोरीचा गळाही खरा होता की नाही? 

"पाहतो ताई. तुम्ही काळजी करू नका," सर म्हणाले. आणि सरांच्या भाषेत 'पाहतो' म्हणजे हो, हे सगळ्या मोताळ्याला ठाऊक होतं.

रविवारी बाकीची पोरं गेल्यावर त्यांनी पायलला थांबवून घेतलं. पेटीचा भाता बंद केला, आणि पुन्हा उघडला. मग खिडकीकडं पाहत एकदाचं सांगून टाकलं. तुझा आवाज गोड आहे, पण त्याची धाव इथपर्यंतच होती. वरच्या पट्टीत तो टिकत नाही. छंद म्हणून ठीक, पण जन्म काढायचा तर हा गळा पुरायचा नाही.

पायलनं सगळं ऐकून घेतलं. "रियाज वाढवला तरी नाही का सर?"

"नाही." आणि मग स्वतःच्याच खोट्याला बळकटी आणावी म्हणून त्यांनी जोडून दिलं, "ते जन्मतःच असावं लागतं."

"तुम्हाले कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासूनच."

हे कशाला बोलले कोण जाणे! एवढं तर आईनंही मागितलं नव्हतं. पण खोट्याचं असंच असतं, एक बोललं की त्याला टेकू म्हणून दुसरं लागतं. पायल उठली. वही पिशवीत घातली. रोजच्यासारखी वाकून पाया पडली, "येते सर," म्हणाली आणि जिना उतरून गेली. रडली असती तर सरांनी तिथंच सगळं कबूल केलं असतं. पण ती रडली नाही.

संध्याकाळी फोनवर पुष्पांजलीचा मेसेज आला. "नमस्कार सर. पायल अकोल्याला जायला तयार झाली. आज दोघं बापलेक सोबत जेवले. आपले उपकार या जन्मी फिटणार नाहीत." सरांनी उत्तर लिहिलं, "असाच स्नेह असू द्यावा ताई." लाडू त्यांनी चक्कीवाल्याच्या पोरांना वाटून टाकले. स्वतःला एकही ठेवला नाही.

जूनमध्ये हिंमतरावांनी तिला नांदुऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला नेऊन सोडलं. सर मात्र क्लासात कारण नसताना पोरांवर खेकसायला लागले. पायल बसायची त्या जागेवर कोणी नवीन पोरगं बसलं की त्याला उठवून दुसरीकडं बसवत. चूक आपली, राग लेकरांवर! असले दिवस काढत दिवाळी आली.

दिवाळी होऊन आठवडा झाला आणि एका दुपारी हिंमतराव स्वतः माडी चढून आले. हा माणूस तीन वर्षांत एकदाही इथं आला नव्हता. दाढी वाढलेली. दारातच हात जोडून उभे राहिले.

"सर, पायलच्या आईनं मले सगळं सांगितलं. तुमची काही चुकी नाही, चुकी आमची."

"काय झालं? पायल बरी आहे ना?"

"पोरगी बोलत नाही सर. म्हणजे इचारलं तेवढं बोलते. जेव म्हटलं का जेवते, झोप म्हटलं का झोपते. होस्टेलवाल्या बाई म्हणे घेऊन जा, दिवसभर भिंतीकडं पाहून राहते. डॉक्टरले दाखवलं, गोळ्या चालू आहेत." त्यांचा आवाज फाटला. "सकाळी घर कसं मुकं वाटते हो. आधी मले कटकट वाटे तिच्या गाण्याची. सायन्स-फियन्स गेलं उडत, मी सोता तिले नागपूरले नेऊन घालतो. तुम्ही फकत एक डाव घरी या अन् तिले सांगा का तुम्ही खोटं बोलले होते. सरांनी सांगितलं तर ऐकेल."

सर पायात चपला सरकवून तसेच निघाले.

पायल पुढच्या खोलीत खाटेवर बसली होती. सहा महिन्यांत पोर निम्मी झाली होती. सरांना पाहिल्याबरोबर उठली, खुर्ची पुसून दिली, पाणी आणून दिलं. आईबाप स्वयंपाकघराच्या दारात उभे. सरांनी ग्लास तसाच खाली ठेवला. आज त्यांना पुस्तकातलं काही सुचलं नाही.

"पायल, मी तुले खोटं सांगितलं होतं. तुया गळ्यात काहीच कमी नाही. तुयासारखा सूर मी उभ्या जन्मात दुसऱ्या कोण्या लेकराचा ऐकला नाही."

"मंग काऊन सांगितलं तसं?"

"तुया आईनं इनंती केली होती. मले नाही म्हणता आलं नाही."

पायलनं दाराकडं पाहिलं. पुष्पांजलीनं तोंडात पदर कोंबला. पोरीच्या चेहऱ्यावर राग आला नाही. शाळेत गणित सोडवताना विचार करावा तसा तिनं थोडा विचार केला.

"अन् आज कोणी बोलावलं तुम्हाले सर?"

सरांची नजर दाराकडं, हिंमतरावांवर गेली.

"पप्पा आले होते न?"

"हाव. पण मी जे बोलून राह्यलो ते खरं आहे. आईची आण—"

"आण नका घेऊ सर." ती अगदी हळू बोलत होती, सरांना दुखू नये अशा बेतानं. "क्लासातल्या साऱ्या पोरायले ठाऊक होतं, तुम्ही मेहनती म्हटलं म्हणजे काय ते. खाली उतरलो का आम्ही हसत होतो त्याच्यावर. पण मले वाटे, सर साऱ्यायले गोड बोलते, मले तेवढं खरं बोलते. तुम्ही वा म्हटलं का दिवसभर मले काही लागत नव्हतं. त्या रोजी तुम्ही म्हणाले, पहिल्यापासूनच माहीत होतं. तवापासून एकच इचार येते डोक्यात. मंग तीन वरसं ते वा कोणाच्या सांगण्यावरून होतं?"

"कोणाच्याच नाही! ते माहं होतं, पायल. तेवढंच तर माहं होतं."

"मले कसं कळंन सर?"

एवढंच विचारलं तिनं. आणि खरंच ती उत्तराची वाट पाहत राहिली. मोठे डोळे करून, अजून काहीतरी निघेल सरांकडून, अशा आशेनं. सरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर जमवलेले सगळे गोड शब्द त्यांच्यापाशी होते, पण या पोरीला खरा वाटेल असा त्यात एकही नव्हता. आणि हे तिचं नुकसान आपण आपल्या हातानं केलं, हे त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या पुरतं कळून चुकलं. 

"एकदा सा लावून पाह्य," ते कसंबसं म्हणाले. "तुयं तुलेच ऐकू येईन."

"नाही सर. आता मी लावते अन् मलेच समजत नाही, तो बरोबर आहे का नाही." तिनं पाण्याचा ग्लास उचलला. "चहा ठेवते तुम्हाले."

चहा आला. सगळ्यांनी घेतला. कोणीतरी साखर बरोबर आहे का म्हणून विचारलं आणि सर हो म्हणाले. निघताना पायल वाकून पाया पडली. पुष्पांजली डोळे पुसत म्हणाली, "उन्हातान्हाचे आले तुम्ही, लय उपकार झाले." हिंमतरावांनी हात जोडले. सरांना वाटलं, यातल्या एकानं तरी आता आपल्याला शिवी द्यावी. कॉलर धरावी, माझ्या लेकराचं काय करून ठेवलं बे म्हणून विचारावं. ते दारात उगाच थोडं रेंगाळलेसुद्धा.

हिंमतरावांनी मोटरसायकल काढली, सीटवरची धूळ हातानं झटकली आणि म्हणाले, "बसा सर, तुम्हाले क्लासपर्यंत सोडून देतो." सर मागं बसले.