आबांची जाडी

जुना टीव्ही बंद पडला त्या सोमवारपासून आबा चपटे व्हायला लागले. समोरून बघितलं तर तेच आबा: रुंद कपाळ, पांढऱ्या मिशा, खिशाला पेन. बाजूनं बघितलं तर पहिल्या दिवशी वीतभर, गुरुवारी चार बोटं, आणि शनिवारी सकाळी वैजयंतीनं चहाचा कप पुढे केला तेव्हा जेमतेम दोन बोटं. चहा मात्र ते पूर्वीसारखाच फुरकत होते आणि साखर कमी पडली म्हणून पूर्वीसारखीच कुरकुर करत होते.

"हल्ली सगळंच पातळ झालंय," श्रीरंग म्हणाला. श्रीरंग म्हणजे वैजयंतीचा नवरा, आबांचा एकुलता एक मुलगा. "मोबाईल बघ, टीव्ही बघ. वय झालं की माणूस आटतोच."

"दोन बोटांवर आटतो?"

"मग कितीवर आटायला हवा होता?"

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं! वैजयंतीनं रिकामा कप उचलला.

मुख्य अडचण म्हणजे आबांना बसता येईना. बुधवारी ते सवयीनं खुर्चीत बसायला गेले, तर कमरेपाशी आडवी घडी पडली. ती वैजयंतीनं वरून ओला पंचा ठेवून, कोमट इस्त्री फिरवून काढली. तेव्हापासून आबा हॉलमधल्या भिंतीला टेकून उभेच होते. दिवसभर उभे. हे तिला अगदी बघवत नव्हतं, आणि त्याला कारण होतं.

आबांनी कराडच्या एसटी स्टँडवर बत्तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. घरी कमी बोलत. बावीस वर्षांपूर्वी वैजयंती नवी नवरी म्हणून आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात घरातले सगळे टीव्हीपुढे बसलेले आणि ती स्वयंपाकघराच्या दारात पदर सावरत उभी. आबा उठले, त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "या घरात कुणी उभं राहून बघणार नाही." आणि स्वतःची खुर्ची तिला देऊन आपण खाली सतरंजीवर बसले. सासूबाईंचा चेहरा त्या दिवशी जो उतरला तो आठवडाभर उतरलेलाच होता. वैजयंतीनं मात्र आबांना त्या संध्याकाळी मनात कायमची जागा देऊन टाकली.

आता बंद पडलेला टीव्ही तोच, पाठीला भलीमोठी ढेरी असलेला. दुरुस्तीवाला म्हणाला, याची पिक्चर ट्यूब गेली, ती आता कुठं मिळत नाही. तरी शुक्रवारी वैजयंतीनं उगीचच त्याची पिन बोर्डात खुपसली. चित्र आलं नाही, पण भिंतीशी उभ्या आबांची पाठ हळूहळू गोल व्हायला लागली, तव्यावरची पोळी फुगते तशी. आबा म्हणाले, "अगं, बरं वाटतंय." पाच मिनिटांत टीव्हीतून जळका वास आला, तिनं पिन ओढली आणि पाठ पुन्हा सपाट झाली. पण तिला कळायचं ते कळलं. घरात ढेरीवाला टीव्ही चालू असला तर आबा वाचतील.

शनिवारी दुपारी तिघं शोरूमला निघाले. आबांना न्यायचं नाही असं श्रीरंगचं म्हणणं होतं, पण आबा हट्टाला पेटले. टीव्ही बघणार मी आणि निवडणार तुम्ही, हे कुठलं? रिक्षात त्यांना आडवं धरावं लागलं, उभं धरलं की वारा भरत होता.

शोरूममध्ये चारी भिंतींवर टीव्हीच टीव्ही, आणि सगळ्यांवर एकच धबधबा, एकाच वेळी कोसळणारा. टाय लावलेला, पन्नाशीचा सेल्समन पुढं आला. छातीवर पाटणे अशी पाटी.

"किती इंची बघायचा, साहेब?"

"भिंतीवर बसला पाहिजे," श्रीरंग म्हणाला. त्यानं खिशातून दोरा काढला. घरून माप घेऊन आला होता: एका टोकाला स्विचबोर्ड, दुसऱ्या टोकाला सासूबाईंचा फोटो, मधला दोरा.

पाटण्यांनी दोरा टेपला लावला. "त्रेचाळीस बसेल. फोटोला धक्का लागणार नाही."

"आमचे हे फार पूजा करतात हो," वैजयंती म्हणाली. "टीव्हीला कुंकवानं काही होत नाही ना?" हे तिनं मुद्दाम विचारलं, वेळ काढायला. पण खोटं नव्हतं. श्रीरंग घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची पूजा करायचा. स्कूटर, मिक्सर, गीझर, एवढंच काय, नव्या कमोडपुढंही यानं नारळ फोडला होता. फ्रिजला झेंडूचा हार घातला तेव्हा पाकळ्या दाराच्या रबरात जाऊन कुजल्या आणि पंधरा दिवस चिलटं झाली. तेव्हापासून फुलांच्या हारावर त्याचा राग होता.

"काही होत नाही, मॅडम. फक्त पडद्यावर बोटं लावू नका."

तिनं आवाज खाली केला. "पाठ असलेला मिळेल का? जुना, डब्यासारखा?"

पाटण्यांनी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "मागं गोडाऊनला एक आहे. वॉचमन त्याच्यावर जेवणाचा डबा ठेवतो."

"चालू आहे?"

"चालू आहे हो. पण घेणार कोण?"

"मी घेणार. लावून दाखवा."

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "अहो, हे उभं मॉडेल केवढ्याला?" वैजयंतीनं वळून बघितलं तर आबा भिंतीशी, दोन टीव्हींच्या मधे टेकून उभे, आणि एक पोक्त बाई त्यांच्या कडेला बोट फिरवून जाडी बघत होती.

"ते आमचे आबा आहेत!" वैजयंती धावलीच. "विकायला नाहीत ते!"

"मग असं रांगेत कशाला उभं केलंय?" बाई फणकाऱ्यानं म्हणाली आणि पुढं गेली. आबांच्या कपाळाला कुणीतरी गोल स्टिकर लावला होता. वैजयंतीनं तो नखानं काढला. स्टिकरखालची कातडी गुळगुळीत आणि थंड लागली.

गोडाऊनमधला टीव्ही आणला. पाटण्यांनी पिन लावली, आणि आधी पडद्यावर मुंग्या आल्या, मग धबधबा आला, पिवळट, थरथरता. वैजयंती मात्र टीव्हीकडे बघतच नव्हती. आबांच्या पाठीमागे तिनं तळहात धरला होता. शर्ट ताणला गेला. दोन बोटं, तीन बोटं, चार. आबांच्या नाकाला पुन्हा सावली पडली.

"अहो, इकडे या, बघा!" तिला आनंद आवरेना. "हाच घ्यायचा!"

श्रीरंगनं तो डब्यासारखा टीव्ही बघितला. त्यावर तेलाचे गोल डाग होते. "वेड लागलंय का तुला? हा घरी नेला तर चार लोक काय म्हणतील? तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आबांना पाठ येतेय!"

"पाठ घेऊन करायचंय काय त्यांना या वयात?"

असं बोलला हो तो. स्वतःच्या बापाबद्दल. वैजयंतीला त्या क्षणी त्याच्या श्रीमुखात भडकवावीशी वाटली. पण तिनं आबांकडे बघितलं. आबा समोरच्या मोठ्या टीव्हीकडे बघत होते, धबधब्यातला थेंबन् थेंब मोजल्यासारखे.

"आबा, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं."

आबांनी डब्याकडे बघितलं, मग मुलाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. "वैजू, माझ्या एकट्याच्या पाठीसाठी घरात अडगळ कशाला? नवा घे. बघ तरी, चित्र किती स्वच्छ आहे."

"आबा..."

"घे म्हणतो ना."

बत्तीस वर्षं गाड्या पुकारलेल्या त्या आवाजाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. तिथंच चुकलं तिचं. पाटण्यांनी पिन काढली, आणि तिच्या तळहातापासून आबांची पाठ दूर दूर गेली. घरी येताना रिक्षात ते एक बोट भरले.

रविवारी सकाळी आबांना कोपरे आले. खांदे चौकोनी झाले, कमरेखालचं सगळं वर ओढलं गेलं आणि तळाशी दोन आखूड, आडवे पाय तेवढे उरले. चौफेर काळी किनार उमटली. आवाज मात्र ठणठणीत होता. "वैजू, पोहे झाले का?" म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, "राहू दे, नको वाटतंय."

अकराला खोकं आलं, आणि खोक्याबरोबर फिटर, ड्रिल घेऊन. साठीला टेकलेला, अबोल माणूस. त्यानं खोकं उघडलं. आत थर्माकोल, रिमोट, भिंतीचा ब्रॅकेट आणि स्क्रूची पुडी. बाकी काही नाही.

"टीव्ही कुठाय?" श्रीरंग म्हणाला.

फिटरनं हॉलभर नजर फिरवली. "हा काय," म्हणाला, आणि आबांना दोन्ही हातांनी उचललं.

"खाली ठेवा!" वैजयंती ओरडली. "माणूस आहे तो! माझे सासरे आहेत!"

फिटरनं आबांना उलटं फिरवलं. पाठीवर चार भोकं होती. ब्रॅकेट लावून बघितला, चारही जुळली. "माप बरोबर आहे, ताई," तो म्हणाला. "मी कंपनीचा माणूस आहे, मला काय माहीत कोण कोणाचं. बसवू का परत जाऊ?"

"अहो, काहीतरी बोला!" ती नवऱ्याला म्हणाली. श्रीरंगचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आबांपुढं वाकला.

"आबा, काय करायचं?"

"बसव रे," आबा म्हणाले. "चार दिवस उभा आहे. पाय भरून आले."

उभं राहण्याचा त्रास वैजयंतीला कळत होता. डोळ्याला पदर लावून तिनं मान हलवली. ड्रिल चाललं, भिंतीची पांढरी भुकटी सासूबाईंच्या फोटोवर बसली, आणि आबा भिंतीवर गेले.

पिन लावल्यावर मात्र आबा असे उजळले की काय सांगावं! गाल लाल, मिशीचा केसन् केस वेगळा. "हां," ते म्हणाले. "आता बरं वाटतंय. वैजू, तू उभी का? बस की खुर्चीत." आणि खणखणीत आवाजात सुरू झाले: "प्रवाशांनी लक्ष द्यावं. कराडहून पाटणमार्गे चिपळूणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर..." वैजयंतीला रडता रडता हसू फुटलं. ठीक आहे, तिला वाटलं. असे तर असे. समोर आहेत, बोलतायत. ती खुर्चीकडे वळली.

श्रीरंग देवघरातून ताम्हण घेऊन आला. तो सावरला होता, पूजा म्हटलं की तो सावरायचाच. त्यानं किनारीच्या वरच्या कोपऱ्यात हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ टाकले. खाली नारळ फोडला. आबांनी मान खाली घालून कौतुकानं बघितलं.

मग त्यानं पिशवीत हात घातला. "या वेळी फुलांचा आणलाच नाही," तो म्हणाला. "एकदा घातला की बघायला नको. आईच्या फोटोला घालून अकरा वर्षं झाली, एक पाकळी पडली नाही त्याची."

पिशवीतून चंदनाचा हार निघाला. शेजारी सासूबाईंच्या फोटोला होता तसाच, पांढरट, कुरळ्या सालींचा. दुकानदारानं मापाचा दिला होता, त्रेचाळीस इंची.

"अहो, तो नको," वैजयंती म्हणाली. "तो नको, तो नको! तो कुणाला घालतात..."

श्रीरंग स्टुलावर चढला होता. हार दोन्ही कोपऱ्यांवरून खाली आला आणि मधोमध आबांच्या गळ्यापाशी स्थिरावला.

"...फलाट क्रमांक चारवर," आबा म्हणत होते, "उभी..."

तोंड तसंच उघडं राहिलं. चित्र अतिशय स्वच्छ होतं.

वैजयंतीनं रिमोट उचलला आणि आवाजाचं बटण दाबून धरलं. आबांच्या छातीवर हिरव्या रेघा उमटल्या, चाळीस, साठ, नव्वद, आणि शंभरावर जाऊन थांबल्या. खुर्ची तिच्या मागंच होती. ती उभी राहून बघत होती.