पोवळ्यांची राखण

जोतिरामने हॉलमध्ये समुद्र आणला तेव्हा सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं. हा मुहूर्त त्याने कुठून काढला, ते त्यालाच ठाऊक.

काचेची पेटी चांगली पलंगाएवढी होती. आत पुण्याहून मागवलेलं मीठ कालवलेलं पाणी, वर निळे दिवे, आणि मासा म्हणाल तर एकही नाही. येणारा-जाणारा वाकून वाकून मासे शोधायचा. तो पुरता हरला की जोतिराम सांगायचा, मासे नाहीत, कोरल आहेत, आणि जिवंत आहेत. त्याच्या आईने, बाळाबाईने, पोवळी आजवर गळ्यातल्या सरात ओवलेलीच पाहिली होती. ती जिवंत असतात आणि त्यांना उकडतं, हे तिला सत्तरी गाठल्यावर कळलं. उकडतं म्हणूनच तर हॉलमध्ये एसी बसला होता आणि तो दिवसरात्र चोवीसवर चालत होता.

बाळाबाई मार्चमध्ये वळसंगहून आली ती उन्हाळा काढायला. आदल्या मे महिन्यात ती मेंढरांमागे चालता चालता बांधावर कोसळली होती. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरने जोतिरामला फोनवर बजावलं होतं, की पुढचा उन्हाळा म्हातारीला थंडाव्यात ठेवा, दुसऱ्यांदा पडली तर उठायची नाही. जोतिराम कर्तव्याला चुकणारा नव्हता. मेंढरं पुतण्याच्या ताब्यात देऊन त्याने आईला शहरात आणलं आणि स्लॅबखालची मागची खोली दिली. खोलीत टेबलफॅन होता. शिवाय खिडकीतून वारं येतं, असं त्याने सांगितलं. वारं यायचं खरं, पण चुलीच्या तोंडातून येतं तसलं.

जोतिराम वाईट नव्हता. वाईट असता तर बाळाबाईला बोलायला सोपं गेलं असतं. आईचं उकडणं त्याला दिसत नव्हतं, एवढंच. कारण आईला तापमान दाखवणारा आकडा लावलेला नव्हता. पेटीला होता. तो लाल आकडा तो दिवसातून तीन वेळा मोठ्याने वाचायचा आणि सव्वीसच्या वर सरकला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

एप्रिलमध्ये त्याने कलम केलं. एक लाल पोवळं, एक हिरवं. बारक्या करवतीने दोघांचा एकेक तुकडा कापला आणि तुटलेल्या चपलेला लावतात तसल्या डिंकाने एकाच दगडावर कडेला कड लावून चिकटवला. जात एकच आहे, फक्त रंग वेगळे, त्याने घरच्यांना समजावलं. तीन महिन्यांत दोघांचं मिळून एक अंग होईल, आणि नशीब असेल तर याचा रंग त्याच्यात उतरेल. फक्त पाणी तापता कामा नये.

आल्यापासून पहिल्यांदाच बाळाबाईला त्या पेटीत काहीतरी ओळखीचं दिसलं. असलं कलम तिने कितीदा केलं होतं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं असतं, दुसऱ्या कोकराची आई मेलेली असते. मग तिचा नवरा बिरप्पा मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचा आणि ती ते त्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायची. मेंढी हुंगायची, आपलाच वास बघून आचळाला घ्यायची. दोन-चार दिवसांनी कातडं काढलं तरी चालायचं. हे तिने जोतिरामला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, सायन्स वेगळं असतं आई. त्याची बायको सोनाली मात्र हातातलं काम टाकून ऐकत राहिली. तिने विचारलं, मेंढीला कळत नाही का?

"मेंढी काय येडी असती व्हय?" बाळाबाई म्हणाली. "तिला कोकरू पायजेच असतंय. नुसतं निमित्त लागतंय."

त्यानंतर बाळाबाईने हॉलमध्ये पाय पसरायला सुरुवात केली. आधी टीव्ही बघायच्या नावाखाली, मग शेंगा सोलायच्या. शेवटी तिने पाहिलं, की दुपारी जोतिराम ऑफिसला आणि सोनाली शिकवणीच्या वर्गाला गेली की पोवळ्यांकडे बघणारं कुणी उरत नाही. तेव्हा तिने राखणीला बसते म्हणून सांगितलं. जोतिराम लगेच कबूल झाला. पन्नास वर्षं दोनशे मेंढरं न मोजता घरी आणणाऱ्या बाईला त्याने राखण कशी करायची ते शिकवलं. आकडा सत्तावीस झाला की फोन करायचा. लाईट गेली तर हे बटण दाबून इन्व्हर्टरवर पेटीचा पंप चालू ठेवायचा, घरातला पंखा लावायचा नाही. फ्रीजरमध्ये बर्फाच्या चार बाटल्या आहेत, त्या एकेक करून पाण्यात सोडायच्या. एसीच्या रिमोटला मात्र हात लावायचा नाही.

अशा रीतीने बाळाबाईची चटई हॉलमध्ये आली. बाहेर डांबर वितळत असताना ती घोंगडं पांघरून बसायला लागली. जन्मात पहिल्यांदा वैशाखात थंडी वाजत होती. ती सुखात होती, आणि त्या सुखाची तिला अजिबात लाज वाटत नव्हती. पोवळी आहेत तोवर एसी आहे, एसी आहे तोवर आपण आहोत, हा हिशोब तिला पहिल्याच दिवशी कळला होता. म्हणून तिने बिरोबाला पोवळ्यांसाठी साकडं घातलं. रोज सकाळी ती लाल-हिरव्याचा जोड निरखून बघायची. दोघांनी अंग अंगाला लावलं होतं, आणि त्याचा जोतिरामपेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता.

मेच्या मध्यावर कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. सकाळचे अकरा वाजले होते. सोनाली बहिणीच्या बाळाच्या बारशाला कुर्डुवाडीला गेलेली. बाळाबाईने बटण दाबलं, फोन केला. जोतिराम मीटिंगमध्ये होता. बर्फ टाक, पंखा लावू नकोस, मी येतोच, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. तुझं कसं आहे, हे विचारायचं राहून गेलं. मीटिंगच होती म्हणा.

एक वाजता तिने पहिली बाटली सोडली, दोनला दुसरी. अडीचला इन्व्हर्टर मान टाकून मोकळा झाला. तिसरी बाटली पाण्यात गेली तेव्हा खोलीच्या भिंती तव्यासारख्या तापल्या होत्या. बॅटरीवरचा लाल आकडा तेवढा जागा होता, एकोणतीस. चौथी बाटली हातात घेऊन ती पेटीशी आली आणि तिच्या कानात गुणगुण सुरू झाली. बांधावर पडताना झाली होती तीच. तोंडाला कोरड पडली, डोळ्यांपुढे काळं आलं.

पोवळी मेली तर एसी जाणार आणि उरलेला उन्हाळा आपल्याला मारणार, हे तिला कळत होतं. बाटली पाण्यात सोडली तर तेवढंही थांबावं लागणार नाही, हेही कळत होतं. दुष्काळात मेंढी आणि कोकरू दोन्ही निभत नसतील तर बिरप्पा मेंढी जगवायचा. ती भुईवर बसली आणि बाटली मानेला लावली. मग काखेत धरली, मग कपाळावर. लाल-हिरव्याकडे तिने बघितलं नाही.

सहाला लाईट आली आणि पाठोपाठ जोतिराम आला. बूट न काढताच तो पेटीकडे धावला. आकडा एकतीस होता. बर्फ टाकला नाहीस का, त्याने विचारलं.

"तीन टाकल्या. चौथी माज्या डोस्क्यावर हुती."

"अगं आई, तेवढी एक बाटली जर..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं वाक्य त्याने गिळलं, पण बाळाबाईने ते ऐकलं.

चार दिवसांत पेटीतली सगळी पोवळी, लाल-हिरव्याच्या जोडासकट, हाडासारखी पांढरी पडली. जोतिराम जेवणावरून उठून जायला लागला. पुण्याच्या कोरलवाल्या मित्रांचे फोन आले, त्यांनी धीर दिला, एक जण तर फोनवरच गहिवरला. बाळाबाईच्या मानेला तीन दिवस कळ येत होती. त्या खात्यात फोन आला नाही.

रविवारी सकाळी तो पेटी रिकामी करायला बादल्या घेऊन आला. आईची चटई ओलांडून त्याने रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

"आता कुणासाठी चालू ठेवायचा?" तो म्हणाला.

घोंगड्यात बसलेल्या बाळाबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पोवळं एकतीस डिग्रीला मेलं, तुझी आई कितीला मरती, ते कुटं लिवलंय का, हे तिला विचारायचं होतं. प्रश्न नामी होता. तो ऐकून जोतिराम ढसाढसा रडला असता, तिच्या पाया पडला असता आणि संध्याकाळच्या आत मागच्या खोलीत दुसरा टेबलफॅन आणून लावला असता. बाळाबाईने प्रश्न गिळला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पेटीशी गेली आणि काचेला नाक लावून उभी राहिली.

"जोतिराम, हितं बघ," ती म्हणाली. "जोडापाशी. हिरवं हाय."

तो वाकला. भिंग आणून परत वाकला. पांढऱ्या जोडाच्या खाचेत खरंच नखाएवढं हिरवं धरलं होतं. सोनाली पाण्याचा पिंप घासायचा काथ्या हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली. दर चार दिवसांनी पिंपाचं शेवाळ घासणाऱ्या बाईला ते हिरवं काय आहे, हे तिथूनही कळत होतं. मेंढरांच्या पाण्याच्या दोण्या घासण्यात जन्म गेलेल्या बाळाबाईलाही कळत होतं. नवराबायकोची नव्हे, पण सासूसुनेची नजरानजर झाली आणि सोनाली काथ्या पदराआड घेऊन आत निघून गेली.

जोतिराम बराच वेळ वाकलेला होता. सरळ झाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. जिवंत आहे, तो म्हणाला, आई, तू राखण केलीस म्हणून वाचलं. मग त्याने रिमोट शोधला. एसी चोवीसवर सुरू झाला. आता याला किती दिवस जपावं लागेल, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता.

"पाऊस लागस्तवर तरी," बाळाबाई म्हणाली. "आनि त्येला घासू नगंस."

बादल्या परत गेल्या. बाळाबाई चटईवर आडवी झाली. तिला रडू आलं, ते तिने घोंगड्याच्या टोकाला पुसलं. पाठीवर दुसऱ्याचं कातडं बांधून दूध पिताना त्या कोकराला काय वाटत असेल, हा विचार इतक्या वर्षांत तिच्या मनात कधी आला नव्हता. तिने घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं. गारवा छान होता.