छबूबाईच्या वाट्याचं पाणी

छगनबाबाच्या मठापुढं सकाळपासून रीघ लागली होती. पाथर्डीकडच्या एका गावात दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं हातोडे टाकून आली होती. ओट्यावर सहादेवची बायको छबूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या खांद्यावरची बेलफळाएवढी गाठ बघता बघता सुपारीएवढी उरली होती. हाताची बोटं आपोआप आत वळत होती, आणि बाया तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या.

"अंगात आई आलीय," बाबा सांगत होता. "डॉक्टरनं हात टेकले, तिथं आमच्या धुनीनं गाठ जाळली. कशावरून? ही बघा राख."

त्यानं पितळी ताट पुढं केलं. ताटात फडक्यावर विटेच्या रंगाची बारीक रेती होती. छबूबाईच्या लघवीतून पडलेली. शेजारी हळदकुंकू वाहिलेलं.

सरकारी दवाखान्याचे उत्तमराव डॉक्टर गर्दीच्या मागं सायकल धरून उभे होते. असे किती बाबा त्यांनी उघडे पाडले होते; दर वेळी लोक हसले आणि पुढच्या बाबाकडं गेले. आजही गुपचूप परत फिरावं असं त्यांना वाटत होतं. गाठ कॅन्सरची असावी म्हणून त्यांनीच छबूबाईला पुण्याला जायला सांगितलं होतं. आता ती खरंच ओसरली होती. आपलंच चुकलं की काय? मग त्यांची नजर त्या रेतीवर गेली, आणि त्यांनी सायकल भिंतीला लावली.

"सहादेव, ही पाणी पिते का?"

"न्हाई जी. गाठ पुरती बसंपत्तुर निर्जळी हाय. टँकरचं तिच्या वाट्याचं पानी मी मठात घालतो. समद्या दुखणेकऱ्यांचा त्योच नेम हाय."

दुष्काळात तोंडचं पाणी देवाला द्यायचं, याहून मोठं पुण्य कोणतं? गावाला ते मनापासून पटलं होतं.

"लघवी होते का गं?"

"कालपासनं न्हाई," छबूबाई पुटपुटली. "मळमळतंय लई."

"विष आटलं," बाबा म्हणाला. "डॉक्टरसाहेब, ही राख कुठल्या पान्यात विरघळायची न्हाई. बघा." त्यानं चिमूटभर रेती तांब्यात टाकली. ती तळाला बसली. लोकांनी हात जोडले.

डॉक्टरांनी मठाशेजारच्या मालनबाईकडून गरम पाणी आणि धुण्याचा सोडा मागवला. काचेच्या पेल्यात सोडा विरघळवून चिमूटभर रेती टाकली आणि ढवळत राहिले. हळूहळू रेती दिसेनाशी झाली.

"ही राख नव्हे," ते थकल्या आवाजात म्हणाले. "गाठीचा बराच भाग आपोआप मेला आणि त्याची घाण रक्तात उतरली. त्या घाणीची ही रेती होते. पाणी नाही, म्हणून ती मूत्रपिंडात अडकलीय. बोटं वळतात तीही रक्त बिघडल्यामुळं. आज दवाखान्यात नेली नाही, तर ही जगणार नाही."

"पर गाठ तर बसली की," मालनबाई म्हणाली.

"बसली. ती आपोआप का बसली, ते मला माहीत नाही. क्वचित असं होतं. पण आजार आत आहेच."

"ऐका," बाबा हसला. "शिकून शिकून म्हाईत न्हाई म्हनतोय."

लोकही हसले.

छबूबाई मात्र बाबाकडं टक लावून बघत होती. "बाबा, तुमचं केस वलं हायती."

"स्नान केलं, माय. देवाचं करायचं म्हंजे सोवळं लागतं."

"कुनाच्या पान्यानं?"

हसणं थांबलं. सहादेव उठला, मठातल्या रांजणाचं झाकण काढलं आणि तांब्या बुडवला. रांजण काठोकाठ भरलेला होता. बाबा "नेम मोडला" म्हणून ओरडत होता. सहादेवनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आतली रेती विरघळावी म्हणून डॉक्टरांनी आपल्या पिशवीतला खायचा सोडा तांब्यात घातला. छबूबाई घोट घोट प्याली.

दुष्काळी कामाच्या जीपमधून तिला नगरला नेलं. तिथं सलाईन चढलं, हळूहळू लघवी सुटली, बोटं सरळ झाली. पुढं पुण्याचे उपचार आहेत. त्यांचं काय होईल, याची हमी उत्तमरावांनी कुणाला दिली नाही. मठ दोन कोसांवरच्या गावात गेला, असं त्यांनी ऐकलं. तिथंही ते सायकलवर जाऊन आले.

बाबाला सगळं माहीत होतं, डॉक्टरांना थोडंच. तरी त्या थोडक्याची पेल्यात बघून खात्री करून घेता येत होती. म्हणून एवढंच सांगणं आहे: कुणी तुमचं पाणी तोडायला सांगितलं, तर आधी त्याचा रांजण उघडून बघा.